कागदाची तहान

कागदाइतकी तहानलेली वस्तू घरात दुसरी नसेल. टिपकागदाचे सोडा, पिणे हा त्याचा धर्मच आहे. पण साधा वहीचा कागद घ्या, वाण्याची पुडी घ्या, नाहीतर एखादी ऐटबाज लग्नपत्रिका घ्या. पाण्याचा थेंब पडायचा अवकाश, की हा गडी तो पिऊन टाकतो, फुगतो, सुरकुततो आणि होती नव्हती ती अब्रू घालवून बसतो. श्रावणात पोरांनी गटाराच्या लोंढ्यात सोडलेली होडी चार हात गेली न गेली तोच तिचा तळ मऊ पडतो आणि नाखवा किनाऱ्यावर हात चोळीत उभा राहतो.

बत्तीस वर्षे मी शाळेत रसायनशास्त्र शिकवले. त्यामुळे ह्या तहानेचे कारण मला पाठ आहे, आणि संधी मिळाली की ते मी ज्याला त्याला सांगत असतो. कागद म्हणजे झाडाच्या तंतूंची एकमेकांत गुंतलेली जाळी. हे तंतू सेल्युलोजचे. आणि सेल्युलोजच्या रेणूला दोन्ही अंगांनी जणू हातच हात फुटलेले असतात. कागद वाळतो तेव्हा शेजारचे तंतू हे हात एकमेकांच्या हातांत देतात. डिंक नाही, खिळा नाही, नुसत्या ह्या हातमिळवणीवर अख्खा कागद उभा असतो. पाणी आले की तेही हात पुढे करते. आणि तंतू असे बेइमान, की शेजाऱ्याचा हात सोडून पाण्याचा धरतात. कागद विरघळत नाही, त्याचा संसार तेवढा मोडतो.

पण गंमत अशी की कागदाचा संसार मुळात पाण्यातच थाटलेला असतो. गिरणीतल्या जाळीवर लगदा पडतो तेव्हा त्यात शंभर भागांत जेमतेम एखादा भाग तंतू असतो. बाकी सारे पाणी. ते पाणी निथळून, दाबून, भाजून काढले की मागे राहतो तो कागद. आणि तोच कागद रद्दी होऊन परत आला, पाण्यात घुसळला, की तंतूंनी धरलेले हात सुटतात आणि पुन्हा नवा कागद करता येतो. एकाच तंतूला हा फेरा साधारण पाच-सात वेळा करता येतो. दर खेपेला तो थोडा तोकडा होतो, एवढेच. म्हणजे ही तहान कागदाचा दोष नव्हे. तो त्याच्या पुनर्जन्माचा परवाना आहे.

आणि इथेच पंचाईत आहे. ह्या कागदाचा पेला करून त्यात तुम्हाला चहा प्यायचा असेल, त्यात तळलेली भजी बांधायची असतील, तर त्याची तहान घटकाभर तरी आवरली पाहिजे. कायमची मारून टाकली, तर तो पुन्हा कागद व्हायचा नाही. आवरली नाही, तर चहा मांडीवर. घटकाभर आवरायची आणि मग मोकळी सोडायची, एवढी साधी मागणी. पण ती पुरी करताना माणसाची दोनशे वर्षे गेली आहेत.

आपल्याकडचे जुने कागदी लोक हे काम खळीने करीत. जुन्नरचा कागद एके काळी नावाजलेला होता; दौलताबादेच्या वाटेवरच्या कागजीपुऱ्याचे तर नावच त्या धंद्यावरून पडले. हाताने केलेल्या तावाला पिठाची खळ लावायची, तो वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटघोट घोटायचा. पुण्याच्या दफ्तरखान्यात रुमालात बांधून ठेवलेले पेशवाईतले मोडी कागद पाहिले, तर शाई पसरलेली दिसत नाही, ती ह्या खळीची आणि घोटणीची करामत. पाण्यात कालवलेला लेप देऊन पाण्याला अडवायचे ही युक्ती, म्हणजे, काही आजची नव्हे.

पुढे १८०७ साली जर्मनीतल्या मॉरिट्झ इलिग नावाच्या माणसाने राळ आणि तुरटी लगद्यातच मिसळून कागदाची तहान कमी करण्याची रीत प्रसिद्ध केली. रीत स्वस्त होती, सोपी होती; दीडशे वर्षे जगातल्या गिरण्यांनी ती चालवली. पण तुरटीने मागे आम्ल ठेवले, आणि त्या आम्लाने तंतू आतून खाल्ले. माझ्या वडिलांच्या कपाटातली पुस्तके आज उघडायची म्हणजे पोटात गोळा येतो. पान उलटले की कोपरा पापडासारखा हातात येतो. हा दिवाळी अंक ज्यांच्या घरी बापजाद्यांपासून येतो, त्यांनी माळ्यावरचे जुने गठ्ठे सोडून पाहावेत, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. राळ-तुरटी वापरणारांचा काही दुष्ट हेतू नव्हता. लेप देणाऱ्याचा आजचा प्रश्न सुटतो. पावती मात्र नातवाच्या नावाने फाटते.

कागदाचा पेला आला तो अमेरिकेत, १९०७च्या सुमारास. तिथल्या शाळांत नि रेल्वे स्टेशनांवर पाण्याच्या पिंपाशी साखळीने बांधलेला एक पत्र्याचा पेला असे आणि येणारा-जाणारा त्यालाच तोंड लावी. क्षयाची भीती पसरली. बॉस्टनचा एक वकील, लॉरेन्स ल्युएलन, आणि त्याचा सोबती ह्यू मूर ह्यांनी एकदा पिऊन टाकून द्यायचा कागदी पेला काढला; १९०९ साली कॅन्सस राज्याने सार्वजनिक पेल्यावर बंदी घातली आणि ह्या पेल्याचे नशीब उघडले. तेव्हा कागदाच्या अंगाला मेण असे. थंड पाण्यापुरते मेण ठीक. चहा ओतला तर तेच वितळायचे.

आपल्याकडे सार्वजनिक पेल्याची कथा निराळी. आपल्या पेल्याला जंतूंपेक्षा जातीची भीती अधिक. स्टेशनावर हिंदूंचे पाणी वेगळे, मुसलमानांचे वेगळे. आणि गावोगावच्या हॉटेलांबाहेर कोनाड्यात पालथी घातलेली ती एक वेगळी कपबशी, दलिताने स्वतः धुऊन पुन्हा तिथेच ठेवायची. ज्यांनी ती कपबशी उचलली आहे त्यांना कागदी कपाचे महत्त्व मी सांगायला नको. कागदी कपाला मागचा पिणारा नसतो आणि पुढचाही नसतो. घरी स्टीलचा पेला उत्तम, तो शंभर वर्षे धुऊन वापरावा, ह्याबद्दल माझे दुमत नाही. पण स्टेशनावर, इस्पितळात, सभेत, वारीच्या वाटेवर हा बिनजातीचा पेला लागतोच. म्हणून 'कागदी कप मुळी हवाच कशाला' असे कुणी विचारले की मी थोडा थबकतो.

मेणाच्या जागी पुढे पॉलिथीन आले. इंग्लंडातल्या एका प्रयोगशाळेत १९३३ साली ते जवळजवळ अपघातानेच हाती लागले होते. ते वितळवून त्याचा पातळ पडदा कागदावर दाबून बसवायचा: चौरस मीटरला दोनशेएक ग्रॅम कागद, त्यावर पंधरा-वीस ग्रॅम पॉलिथीन. वजनाने दहावा हिस्सासुद्धा नाही. पण हा पडदा कसा, तर पाणी अडवणारा, गरम केला की सांधा जोडणारा, घडी घातली तरी न तडकणारा, वर स्वस्त. सगळे गुण आहेत, एकच नाही. सोडणे त्याला ठाऊक नाही. गिरणीच्या टाकीत कप घुसळला तर कागद सुटू पाहतो आणि पडदा त्याला धरून बसतो. खास यंत्रे लावून, जास्त वेळ घुसळून हे तंतू सोडवणाऱ्या गिरण्या आहेत. पण साधी गिरणी असा माल दारातूनच परत पाठवते. शिवाय २०२० साली खरगपूरच्या आय.आय.टी.तल्या संशोधकांनी दाखवून दिले, की असल्या कपात ८५ ते ९० अंश तापमानाचे १०० मिलिलिटर पाणी १५ मिनिटे ठेवले, तर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. म्हणजे पडदा कागदाला सोडीत नाही आणि आपल्या पोटात मात्र उतरतो.

तेलाची तऱ्हा त्याहून बिकट. तेलकट पदार्थ बांधायच्या कागदाला फ्लोरिनयुक्त रसायनांचा लेप देण्याची चाल पडली. थेंब नुसता गोळी होऊन घरंगळावा. पण ह्या रसायनांतला कार्बन-फ्लोरिनचा बंध इतका चिवट, की ती मातीत कुजत नाहीत, पाण्यात मोडत नाहीत, शरीरात गेली की साठून राहतात. शस्त्राने तुटत नाही, अग्नीने जळत नाही असे वर्णन आपण आजवर आत्म्याचे ऐकत होतो. ते वडापावच्या कागदाला लागू पडेल असे कुणाला वाटले होते? डेन्मार्कने २०२० साली खाद्यपदार्थांच्या कागदात ही रसायने वापरायला बंदी केली. अमेरिकेतही तेल अडवण्यासाठी त्यांची विक्री थांबल्याचे तिथल्या अन्न-औषध खात्याने २०२४च्या फेब्रुवारीत जाहीर केले.

आणि इकडे परसातले अळूचे पान पाहा. थेंब त्यावर मोत्यासारखा डुलतो. 'अळवावरचे पाणी' ही म्हण त्यावरूनच आली. पानाच्या अंगावर बारीक उंचवटे आणि त्यांवर मेणाचा नखाएवढासुद्धा नव्हे, डोळ्यांना न दिसणारा थर. पान देठाला आहे तोवर तो थर पाणी अडवतो. पान गळून मातीवर पडले की दोन पावसांत थरासकट माती होते. अडवायचे कधी आणि सोडायचे कधी, हे त्या पानाला न शिकवता येते. माणसाला ते शिकावे लागते आहे, आणि त्या शाळेत अलीकडे माझ्या भाच्याने नाव घातले आहे.

भाच्याचा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत कागदी कपांचा लहानसा कारखाना आहे. दोन यंत्रे, पाच बायका, एक मेकॅनिक आणि बँकेचे कर्ज. २०२२च्या जुलैत महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कागदी कप-ताटल्यांवरही बंदी आणली, तेव्हा हा पोरगा आठ दिवस कुणाशी धड बोलला नाही. मग एका संध्याकाळी काखेत पुठ्ठ्याची गुंडाळी घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

"मामा, तुम्ही केमिस्ट्रीचे. हा नवा कागद आलाय. ह्यावर पाण्यातून दिलेला थर आहे म्हणतात. पॉलिथीन नाही. महाग आहे. घेऊ का?"

त्याला समजावताना मी भिंतीकडे बोट दाखवले. दिवाळीपूर्वी घराला रंग दिला होता. हा रंग बादलीत पाणी घालून कालवतात, ब्रश पाण्याने धुतात. पण एकदा भिंतीवर वाळला की ओल्या फडक्याने पुसला तरी उतरत नाही. नव्या लेपाचे तत्त्व तेच. ज्याचा थर करायचा त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवायचे, दुधात स्निग्धाचे कण असतात तसे. एकेक कण म्हणजे केसाच्या जाडीच्या काही सहस्रांश भाग. हे दूध कागदावर पातळ पसरायचे आणि गरम हवेने वाळवायचे. पाणी उडून जाते, कण दाटीवाटीने एकमेकांना भिडतात, दबतात आणि अखेर त्यांची सलग साय धरते. पाण्याने आणलेली साय पाण्यालाच अडवते. त्यात पुष्कळदा चिनी मातीचे किंवा शंखजिऱ्याचे चपटे कण मिसळतात. ते मंगलोरी कौलांसारखे एकावर एक आडवे बसतात; वाफेला सरळ वाट मिळत नाही, वळसे घेत जावे लागते आणि तोवर चहा पिऊन होतो.

हे सगळे त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे हे प्लॅस्टिक आहे की नाही, एवढंच सांगा."

प्रश्न सरळ होता. उत्तर तसे नाही. ही साय बहुधा ॲक्रिलिकची किंवा तिच्या भावकीतल्या रसायनाची असते. म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या, प्लॅस्टिकच्याच गोत्रातल्या. थर पॉलिथीनहून पातळ असतो, टाकीत त्याचे तुकडे होतात, तंतू सुटतात, हे खरे. पण गोत्र बदलत नाही. युरोपीय संघाने २०१९ साली एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकचा कायदा केला, त्यात असा लेप दिलेला कपसुद्धा प्लॅस्टिकच्याच रकान्यात पडला. उलट त्यांचाच २०२५चा वेष्टनांचा कायदा म्हणतो, की २०३० सालापासून बाजारातले प्रत्येक वेष्टन पुन्हा वापरात आणता येण्याजोगे असले पाहिजे. आणि त्या परीक्षेत हाच कप पॉलिथीनच्या कपापेक्षा बरे गुण मिळवू शकतो. पिठूळ पदार्थाचा, दुधातल्या केसीनचा लेप देणारेही आहेत. तो तेल छान अडवतो, पण पाण्यापुढे लवकर हात टेकतो. मी म्हटले, "होही आणि नाहीही."

"मामा," तो म्हणाला, "बँकेचा हप्ता होही आणि नाहीही होत नाही."

मला उत्तर सुचले नाही. मग शिक्षकाला उत्तर सुचले नाही की तो जे करतो ते मी केले. म्हटले, प्रयोग करून पाहू.

त्याने एक जुना कप आणि नव्या कागदाचा एक कप बारीक कातरला. कोमट पाणी घातले, आणि स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये दोन्ही पाळीपाळीने घुसळले. आमच्या मंडळींनी दारातून हा प्रकार पाहिला आणि फक्त एवढेच बजावले, की उद्या चटणीला कागदाचा वास आला तर ती चटणी मामा-भाच्यांनी मिळून संपवायची. लगदा पुरणाच्या चाळणीवर ओतला. जुन्या कपाच्या लगद्यात कांतड्यासारख्या पातळ पट्ट्या राहिल्या होत्या. बोटाने ओढली तर ताणली जाई, आणि पाठीला चिकटलेले तंतू सोडीत नसे. नव्या कपाचा लगदा मऊ, एकसारखा. तो धोतराच्या फडक्यावर पसरून, दाबून, वर इस्त्री फिरवून आम्ही तळहाताएवढा कागद केला. भाच्याने तो दिव्यासमोर धरला. त्याच्या चेहऱ्यावर बारशाला आलेल्या माणसाचा आनंद होता.

"हे ठिपके कसले?" थोड्या वेळाने त्याने विचारले.

कागदात इथे-तिथे बारीक, उजळ ठिपके होते. म्हटले, "तो तुझा थर. तुकडे झाले, पण नाहीसा झाला नाही. गिरणीच्या चाळण्या त्यातला बराचसा धरतील. उरलेला कागदात जाईल, नाहीतर यंत्राला चिकटेल. थोडा असेल तर गिरणी चालवून घेते. फार झाला तर ओरडते."

तरीही त्याने एक रीळ मागवले. पुढचे चार महिने मला तो धंदा ऐकूनच ठाऊक झाला. त्याच्या यंत्रात कपाचा सांधा गरम हवेने पॉलिथीन वितळवून जोडला जाई. नव्या थराची ऊब निराळी: जरा कमी पडली तर सांधा उकलतो, जरा जास्त झाली तर कागद करपतो. पहिल्या दिवशी निम्मे कप बुडाशी गळले. ते जमले तर कपाची कड वळवताना तिथली साय तडकू लागली, आणि ओठाला लागणारी कडच ओली होऊ लागली. मग मे महिना आला. रिळातले कागदाचे वेढे उन्हाळ्याने एकमेकांना चिकटले आणि उलगडताना थरच उपटून आला. त्याने रीळ पत्र्याच्या छपराखालून काढून आतल्या खोलीत हलवले, यंत्राचा वेग कमी केला, ऊब अंशाअंशाने बदलली. सांगलीला येई तेव्हा त्याच्या खिशात एक डायरी असे आणि तीत नुसते आकडे.

कागदाची तहान मोजायची एक साधी परीक्षा आहे, तीही त्याने शिकून घेतली. कागदाचा तुकडा तोलायचा, त्यावर १०० चौरस सेंटिमीटरचे कडे घट्ट बसवायचे, त्यात १०० मिलिलिटर पाणी ओतायचे, ठरलेला वेळ थांबायचे, पाणी ओतून टाकून टिपकागदावर जड रूळ फिरवायचा आणि पुन्हा तोलायचे. वजन जितके वाढले, तितके तो प्याला. कॉब परीक्षा म्हणतात तिला. त्याने ती गरम चहा ओतूनही करून पाहिली. कारण पाण्याला दाद न देणारा थर दुधाच्या गरम चहापुढे नमू शकतो. पाचांतली सर्वांत वडील बाई, जिला लिहिता येत नाही, ती आता कप नुसता उजेडाकडे धरून सांगते, की हा पाजरेल. बहुधा तो पाजरतो. सायीत राहिलेले टाचणीच्या टोकाएवढे छिद्र तिला दिसते.

कप चांगला झाला. आता तो परत कोण घेणार? हे विचारायला आम्ही माझ्या नेहमीच्या रद्दीवाल्याकडे गेलो. पंचवीस वर्षे तो माझी वर्तमानपत्रे नेतो. त्याने जुना कप फाडला. फाटल्या कडेला पातळ पापुद्रा ताणला गेला. तो कप त्याने बाजूला टाकला. नवा फाडला, कागद फाटावा तसा तो फाटला. त्याने वास घेतला, अंगठ्याने घासला, पुन्हा फाडला.

"माल चांगला आहे, काका," तो म्हणाला. "पण मला सांगा, पोत्यात शंभर कप आले, त्यात दहा असे आणि नव्वद तसे. दिसायला सगळे सारखे. मी एकेक फाडत बसू का? आणि त्यात चहा राहिलेला, त्याला वास सुटलेला. गिरणीवाला पोतं उघडून बघतो, एक पट्टी दिसली की सगळं पोतं परत. माझं भाडं अंगावर."

इतकी पुस्तके वाचून मला जे स्पष्ट झाले नव्हते ते ह्या माणसाने तराजूपाशी उभे राहून सांगितले. एकटा गुणी कप नव्वदांच्या गर्दीत गेला, की त्याचा गुण मातीमोल. लेप कितीही शहाणा असो, तो कप कुणी उचलला नाही, निराळा ठेवला नाही, तर तो कचऱ्याच्या ढिगावर पॉलिथीनच्या भावानेच कुजणार, किंवा कुजणारही नाही. प्रयोगशाळा कागदाची तहान आवरू शकते. त्याला पुन्हा पाण्यापर्यंत नेऊन पोचवणे हे तिच्या हातात नाही. ते काम पोते पाठीवर घेणाऱ्या माणसाचे आहे, आणि त्याला त्यात दोन पैसे सुटले तरच ते होईल.

परतताना भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, सगळ्या गावाचे कप नाही गोळा करता येणार. पण एखाद्या जागी सगळेच कप माझे असतील तर?"

अशी जागा त्याने शोधली. शेजारच्या एका कारखान्याचे कँटीन. तिथे दुसरा कप येत नाही. दारापाशी एक पिंप ठेवले आहे, त्यावर जाळी: उरलेला चहा जाळीतून खाली ओतायचा, कप एकात एक घालून उभ्या नळीत सरकवायचे. कामगारांना सुरुवातीला हा खेळ वाटला, मग सवय झाली. शनिवारी भाच्याचा टेम्पो नवे कप देतो आणि जुने आणतो. कातरणीच्या तुकड्यांबरोबर तेही पुठ्ठ्याच्या गिरणीत जातात.

पहिल्या महिन्याचा माल घेऊन तो गेला तेव्हा मीही बरोबर होतो. तिथल्या माणसाने पोते उघडले, चार कप काढले, फाडले, एकाचा तुकडा जिभेवर ठेवून चघळला आणि पोते काट्यावर टाकायला सांगितले. भाव मिश्र रद्दीचाच लावला. कोऱ्या पांढऱ्या तंतूचा हा माल, त्याला दोन रुपये तरी जास्त मिळतील अशी भाच्याची आशा होती. तो घासाघीस करू लागला, पण समोरचा माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, पाच-सहा महिने असाच माल आणा. एक पट्टी निघाली नाही, तर मग भावाचं बोलू."

बाहेर आल्यावर भाचा तोंड पाडून बसला. मला मात्र त्या माणसाचे बोलणे न्यायाचे वाटले. राळ-तुरटीच्या कागदाला जगाने दीडशे वर्षे विश्वासाने घेतले होते. ह्या लेपाला पाच-सहा महिने तपासून घेणारा एकजण भेटला, हे वाईट नव्हे. गिरणीच्या आवारात घुसळणटाकीचा घरघराट ऐकू येत होता. आमचे पोते त्यात गेले की नाही ते दिसले नाही.

टेम्पोत बसल्याबसल्या त्याने पुढच्या रिळाची मागणी फोनवरून नोंदवली. हप्ता दहा तारखेला आहे.